व्हिडिओ संकलनासाठी ड्राइव्हची निवड आणि मांडणी

ठाण्यात लग्ने, नाटकांचे प्रयोग, शाळांची स्नेहसंमेलने आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा यांचे चित्रण करून घरच्या घरी संकलन करणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच जण नौपाड्यातल्या माझ्या खोलीवर एकच प्रश्न घेऊन येतात: ‘दोन टेराबाइटची कोणती हार्ड डिस्क घेऊ?’ प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटी विचारायचा आहे. त्याआधी आपल्या संगणकात कोणकोणत्या फाइल्स साठतात आणि त्यांतली कोणती फाइल नष्ट झाली तर ती पुन्हा तयार करता येईल, हे एका कागदावर लिहून काढावे.

कॅमेऱ्यातून आलेले मूळ फुटेज पुन्हा मिळत नाही. सप्तपदी पुन्हा चाला, असे वधूवरांना सांगता येत नाही. प्रोजेक्ट फाइल आकाराने काही मेगाबाइटची असते, पण तिच्यात आठवड्यांची मेहनत असते, म्हणून तीही याच गटात बसते. याउलट प्रॉक्सी (संकलनापुरत्या बनवलेल्या, फुटेजच्या हलक्या प्रती), कॅशे (सॉफ्टवेअरने आपल्या सोयीसाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स), पूर्वावलोकनासाठी रेंडर केलेले तुकडे या साऱ्या गोष्टी गेल्या तर संगणकाला रात्रभर कामाला लावून परत मिळवता येतात. पहिल्या गटाला सुरक्षितता हवी असते आणि दुसऱ्या गटाला वेग. या दोन निराळ्या गरजा आहेत. एकाच ड्राइव्हने त्या दोन्ही भागवाव्यात असा हट्ट धरला की काम तरी अडते किंवा फुटेज तरी जाते. पुढची सारी मांडणी याच भेदावर उभी आहे.

आधी हिशेब

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात बिटरेट, म्हणजे सेकंदाला लिहिल्या जाणाऱ्या माहितीचा आकडा, मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि ड्राइव्हचा वेग मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून पहिल्या आकड्याला ८ने भागल्याशिवाय दोन्हींची तुलना होत नाही. सर्वसाधारण फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल, तर ते १२.५ मेगाबाइट झाले, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. अडीच तासांचा नाट्यप्रयोग तीन कॅमेऱ्यांनी टिपला, तर सुमारे ३३८ गिगाबाइट फुटेज हाती येते. तोच कॅमेरा १० बिट रंगखोलीत, सेकंदाला २०० मेगाबिटने चालवला तर हा आकडा दुप्पट होतो. हे झाले फक्त मूळ फुटेज. त्यावर प्रॉक्सी, कॅशे आणि अंतिम चित्रफितीच्या दोन-तीन आवृत्त्या यांसाठी मी आणखी निम्मी जागा धरतो. महिन्याला सरासरी किती कामे होतात, त्याने या आकड्याला गुणले की वर्षाची गरज समोर येते. ती पाहून बहुतेकांना धक्का बसतो, आणि तो दुकानात जाण्यापूर्वी बसलेला बरा.

जाता जाता एक खुलासा. एक टेराबाइटची डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइट दाखवते, यात दुकानदाराची लबाडी नसते. डिस्क बनवणारे १००० च्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे.

वेग कोणासाठी आणि किती

संकलन करताना चित्र अडखळू लागले की ‘डिस्क मंद आहे’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो, पण पुष्कळदा दोष डिस्कचा नसतो. एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने दाबलेल्या फुटेजमध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. आधीच्या आणि नंतरच्या चौकटींवरून ती प्रत्येक वेळी उलगडावी लागते आणि हे काम प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड करते. डिस्ककडून सेकंदाला केवळ १२.५ मेगाबाइट मागितले जात असताना महागडा एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे अतिवेगवान प्रकारची एसएसडी, बसवून काही साधत नाही. तिथे प्रॉक्सी बनवणे हाच उपाय आहे. प्रत्येक चौकट स्वतंत्र साठवणाऱ्या प्रोरेससारख्या स्वरूपात नेमके उलटे घडते. फोर-के, २५ चौकटींच्या प्रोरेस ४२२ चा बिटरेट सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट, म्हणजे साडेएकसष्ट मेगाबाइट असतो. प्रोसेसरला हे फुटेज हलके जाते, पण तीन कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवायचे म्हटले की डिस्ककडून सेकंदाला १८५ मेगाबाइट सलग यावे लागतात, आणि साध्या हार्ड डिस्कची तिथे दमछाक होते.

हार्ड डिस्कची दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकच लांब फाइल वाचताना हे जाणवत नाही, परंतु तीन कॅमेऱ्यांच्या तीन फाइल्स, वेगळा ध्वनी आणि पार्श्वसंगीत अशा पाच ठिकाणांहून एकाच वेळी वाचायचे असेल, तर डिस्कचा अर्धा वेळ नुसत्या धावपळीत जातो. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्यामुळे हा विलंब जवळपास नाहीसा होतो. म्हणूनच चालू कामासाठी एसएसडी आणि साठवणीसाठी हार्ड डिस्क ही विभागणी आजही पटण्यासारखी आहे.

आकड्यांचा ढोबळ अंदाज असा: खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १४० मेगाबाइट देते आणि साडेतीन इंची डिस्क १५० ते २५०, साटा जोडणीची एसएसडी ५५० च्या आसपास थांबते, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीचा एनव्हीएमई ड्राइव्ह साडेतीन हजारांपर्यंत आणि चौथ्या पिढीचा सात हजारांपर्यंत जातो. लग्नाच्या आणि प्रयोगांच्या कामाला साटा एसएसडीसुद्धा पुरून उरते. सात हजारांचा आकडा खोक्यावर छान दिसतो, पण रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेल्या, अवजड फुटेजचे अनेक थर एकमेकांवर रचणारा संकलक सोडला तर तो कोणाच्या उपयोगी पडताना मला दिसलेला नाही. उरलेले पैसे दुसऱ्या हार्ड डिस्कवर खर्च करावेत.

एसएसडीच्या बाबतीत एक फसवी गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. स्वस्त ड्राइव्ह सुरुवातीचे काही गिगाबाइट एका वेगवान भागात झपाट्याने लिहून घेतो. तो भाग भरला की वेग कोसळतो, आणि प्रत्येक पेशीत चार बिट कोंबणाऱ्या क्यूएलसी प्रकारात तर तो कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. एक गिगाबाइटची चाचणी घेणारी प्रणाली हे दाखवतच नाही. नवा ड्राइव्ह आणला की त्यावर दोनशे गिगाबाइट फुटेज एका दमात उतरवून पाहावे आणि शेवटच्या पन्नास गिगाबाइटचा वेग हाच त्याचा खरा वेग समजावा.

हार्ड डिस्क घेताना

हार्ड डिस्कमध्ये माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआर पद्धतीत प्रत्येक पट्टा स्वतंत्र असतो. एसएमआर पद्धतीत, जुन्या घरांच्या छपरावर कौले जशी एकमेकांवर चढवलेली असतात, तसे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून कमी जागेत अधिक माहिती बसवली जाते. मधले एक कौल बदलायचे तर त्यावरची कौले उचलावी लागतात. तसेच इथे एक फाइल बदलताना शेजारचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागतो, आणि मोठी नक्कल चालू असताना अशी डिस्क अचानक रेंगाळू लागते. अडीच इंची, अधिक क्षमतेच्या पोर्टेबल डिस्क बहुतेक याच प्रकारच्या असतात. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, त्यावर बराच गदारोळ उठला आणि त्यानंतर कंपन्या ही माहिती अधिक स्पष्टपणे देऊ लागल्या. खरेदीपूर्वी नेमका मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या साठवणीला एसएमआर चालते, रोजच्या कामाला नाही.

साठवणीसाठी मी साडेतीन इंची डिस्क घेतो, कारण प्रत्येक टेराबाइटमागे ती स्वस्त पडते आणि वेगही बरा देते. दोन डिस्क घ्यायच्या असतील तर त्या एकाच खेपेतल्या नसाव्यात. कारखान्यात राहिलेला दोष दोन्हींत सारखाच असू शकतो. खरेदी लॅमिंग्टन रोडवरून करा किंवा ठाण्यातल्या दुकानातून, पक्के बिल घ्यावे आणि दुकानातच अनुक्रमांक टाकून वॉरंटी कोणत्या देशासाठी लागू आहे ते पाहून घ्यावे. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यावरचे फुटेज नव्हे, हे ग्राहकालाही आधीच सांगितलेले बरे. हजार-दीड हजार रुपयांत ‘सोळा टेराबाइट एसएसडी’ विकली जाते, ती सरळ फसवणूक असते. आत एखादे छोटे मेमरी कार्ड असते आणि भरल्यानंतर ते जुन्या फाइल्सवरच लिहीत सुटते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ३ ही मोफत साधने पूर्ण क्षमता लिहून-वाचून असा खोटेपणा पकडतात.

केबल आणि पोर्ट

इतक्या काळजीने निवडलेला ड्राइव्ह मोबाइल चार्जरच्या केबलने जोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि एकदा आरशातही पाहिला आहे. सी आकाराच्या सगळ्या केबल दिसायला सारख्या असल्या तरी चार्जरसोबत येणारी केबल बहुधा यूएसबी २.० ची असते आणि तिच्यातून सेकंदाला चाळीस मेगाबाइटहून अधिक जात नाहीत. एक टेराबाइट फुटेज त्या केबलने उतरवायला जवळजवळ सात तास लागतात. तेच काम पोर्टेबल हार्ड डिस्क दोन ते पावणेतीन तासांत करते, ५ गिगाबिट जोडणीची एसएसडी सुमारे सदतीस मिनिटांत आणि १० गिगाबिटची सतरा-अठरा मिनिटांत. ड्राइव्ह, केबल आणि संगणकाचे पोर्ट या तिघांत जो सर्वांत मंद असेल त्याचाच वेग हाती लागतो. वीस गिगाबिटचा, म्हणजे ‘जेन २ बाय २’ असे लिहिलेला ड्राइव्ह घेण्यापूर्वी आपल्या संगणकात तसे पोर्ट आहे का, हे पाहावे. अनेक मॅकवर तो १० गिगाबिटनेच चालतो. ड्राइव्हसोबत आलेल्या केबलला रंगीत चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी, म्हणजे घरातल्या कोणाच्या फोनला ती जात नाही.

कार्ड रीडरचेही तसेच. एसडी कार्डांच्या जोडणीच्या प्रकारांपैकी यूएचएस-१ ची मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आणि यूएचएस-२ ची ३१२ मेगाबाइट आहे. महागडे कार्ड जुन्या रीडरमध्ये घातले तर वाट पाहण्यातच रात्र सरते.

कार्ड रिकामे करण्याची शिस्त

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगाचे चित्रण आटोपून मी रात्री उशिरा घरी आलो आणि कार्डवरच्या फाइल्स माउसने ओढून डिस्कवर टाकल्या. सकाळी फोल्डर उघडून पाहिले तर सगळी नावे जागच्या जागी होती, म्हणून कार्ड फॉरमॅट केले आणि दुसऱ्या कामाला निघून गेलो. शेवटची फाइल अर्ध्यातच तुटली होती हे चार दिवसांनी, तिसऱ्या अंकाच्या संकलनाला हात घातल्यावर कळले. सुदैवाने मागच्या रांगेतल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात तो प्रवेश होता. संपूर्ण शेवट लांबूनच दाखवावा लागला आणि दिग्दर्शकांनी कारण विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले. तेव्हापासून माझ्याकडे नुसत्या नावांवरून नक्कल पूर्ण झाल्याचे मानले जात नाही.

नक्कल करताना पडताळणी करणारे साधन वापरावे. विंडोजवर टेराकॉपीमध्ये पडताळणीचा पर्याय आहे आणि दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे. ही साधने मूळ फाइल आणि नक्कल या दोन्हींची चेकसम, म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेली खूण, जुळवून पाहतात. एक बिट जरी बदलला तरी ती खूण जुळत नाही. यात वेळ जवळपास दुप्पट जातो आणि तो द्यावाच. कार्डमधील केवळ व्हिडिओ फाइल्स उचलू नयेत, तर कार्डची संपूर्ण फोल्डर-रचना जशीच्या तशी घ्यावी, कारण लांब चित्रणाचे तुकडे जोडण्याची माहिती अनेक कॅमेरे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. दोन स्वतंत्र डिस्कवर पडताळलेल्या नकला होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचे नाही, आणि केले तरी संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच करायचे. कार्डाच्या डबीत भरलेले कार्ड पालथे आणि रिकामे उताणे ठेवण्याची सवय लावून घेतली, तर हळदीच्या गडबडीत चुकीचे कार्ड कॅमेऱ्यात जात नाही.

फोल्डर, नावे आणि संगणकातली जागा

संगणकात तीन जागा वेगळ्या असाव्यात. पहिल्या ड्राइव्हवर विंडोज किंवा मॅकओएस आणि सॉफ्टवेअर. दुसऱ्या, वेगवान एसएसडीवर चालू काम. आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर साठवण. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह ही दोन्ही सॉफ्टवेअर आपल्या कॅशे फाइल्स, कोणी बदलले नाही तर, संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर टाकत राहतात आणि एके दिवशी ‘जागा संपली’ असा निरोप येतो. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन तो मार्ग चालू कामाच्या एसएसडीवर वळवावा. जागा अपुरी असेल तर एकाच एसएसडीवर फुटेज आणि कॅशे एकत्र नांदतात, त्याने मोठे बिघडत नाही. हार्ड डिस्कवर मात्र दोन्ही एकत्र ठेवू नयेत. कोणताही ड्राइव्ह काठोकाठ भरू नये. हार्ड डिस्क आतल्या वर्तुळांकडे जाताना मंदावते आणि एसएसडीला आपली आवराआवर करायला मोकळी जागा लागते, तेव्हा पाचवा-सहावा हिस्सा रिकामा राहू द्यावा.

प्रत्येक कामाचे एकच मुख्य फोल्डर असावे आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस यावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. दिवस आधी लिहिला तर जानेवारीतले लग्न आणि जुलैतले स्नेहसंमेलन शेजारी येऊन बसते. नाव रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता लिहावे. देवनागरी नाव वाचायला गोड असले तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा दुसऱ्याच्या संगणकावर त्याचे कधी कधी प्रश्नचिन्हांत रूपांतर होते. आतल्या फोल्डरांना क्रमांक द्यावेत: मूळ फुटेज, ध्वनी, प्रोजेक्ट, ग्राफिक्स आणि संगीत, प्रॉक्सी, अंतिम चित्रफिती. मूळ फुटेजच्या आत दिवस, कॅमेरा आणि कार्ड क्रमांक अशी पायरी करावी. ही रचना एकदा रिकामी तयार करून ठेवावी आणि दर वेळी तिचीच नक्कल घ्यावी. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरेच अंतिम’ असली नावे सगळ्यांनीच कधी ना कधी दिलेली असतात. त्यापेक्षा आवृत्ती क्रमांक दोन आकड्यांत लिहावा.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी एक सापळा इथे आहे. या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये राहत नाही, तर प्रोजेक्ट लायब्ररीत, म्हणजे सहसा संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर राहतो. फुटेजच्या तीन-तीन नकला जपून ठेवल्या आणि मुख्य ड्राइव्ह गेला, तर संकलन शून्यावर येते. दिवसाचे काम संपले की प्रोजेक्ट निर्यात करून तो कामाच्या फोल्डरमध्ये टाकावा. विंडोजवर बाहेरच्या डिस्कला वर्णमालेतले एक ठरावीक अक्षर कायमचे नेमून द्यावे, नाही तर पुढच्या वेळी ती वेगळ्या अक्षराने जोडली जाते आणि टाइमलाइनवरचे सगळे तुकडे ‘मीडिया सापडत नाही’ म्हणून लाल होतात.

फाइल-व्यवस्थेबद्दल, म्हणजे डिस्क फॉरमॅट करताना निवडायच्या मांडणीबद्दल, थोडक्यात: केवळ विंडोजवर काम असेल तर एनटीएफएस, केवळ मॅकवर एसएसडीसाठी एपीएफएस, आणि दोन्हींकडे ये-जा असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटमध्ये चालू लेखनाची नोंदवही नसते, त्यामुळे मध्येच केबल निघाली तर नुकसान अधिक होते. ती डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय काढू नये.

तीन नकला, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम असा आहे: तीन नकला, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी. चालू काम असताना एक नक्कल एसएसडीवर, दुसरी घरातल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या पत्त्यावरच्या हार्ड डिस्कवर, एवढ्याने तो पाळला जातो. पुष्कळ जण रेड (RAID) पद्धतीची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणारी, पेटी घेऊन बॅकअप झाला असे समजतात. दोन डिस्कवर एकसारखे लिहिणारी रेड-१ एक डिस्क बिघडली तर काम थांबू देत नाही, हे खरे. पण चुकून एखादे फोल्डर पुसले तर ती ते दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसते. वेगासाठी दोन डिस्कवर अर्धे-अर्धे लिहिणारी रेड-० तर एका डिस्कसोबत सगळेच घेऊन बुडते.

दुसरे ठिकाण किती दूर असावे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईसह ठाणे जिल्ह्याचाही मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातल्या वस्तू वरच्या खणात हलवायलाही अनेकांना वेळ मिळाला नाही. त्याच इमारतीतले शेजाऱ्याचे घर दुसरे ठिकाण ठरत नाही आणि तळमजल्यावरचे दुकानही नाही. माझी तिसरी डिस्क नेरूळला बहिणीच्या सातव्या मजल्यावरच्या घरी असते. अशा दोन डिस्क ठेवल्या की महिन्याला एक घेऊन जायची आणि दुसरी परत आणायची. तिसरी नक्कल फार शिळी होत नाही आणि बहिणीकडे जेवणही होते.

क्लाउडवर का ठेवत नाही, असे विचारले जाते. अपलोडचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट धरला तर ५०० गिगाबाइट चढवायला अखंड बावीस तास लागतात, आणि मधे वीज किंवा इंटरनेट गेले नाही तरच. चार टेराबाइटची डिस्क पिशवीत घालून ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने पाऊण तासात नेरूळ गाठले, तर तो वेग सेकंदाला जवळजवळ बारा गिगाबिट पडतो. क्लाउडवर मी प्रोजेक्ट फाइल्स, अंतिम चित्रफीत आणि ग्राहकाची कागदपत्रे एवढेच ठेवतो. प्रवासात हार्ड डिस्क बंद असली की तिचे टोक सुरक्षित जागी विसावलेले असते. ती चालू असताना लॅपटॉप मांडीवर घेऊन घोडबंदर रोडवरच्या रिक्षात फुटेज उतरवण्याचा पराक्रम कोणी करू नये. तशीच घाई असेल तर ते काम एसएसडीवर करावे.

पाऊस, उकाडा आणि वीज

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो, तो लेन्सवर बुरशी आणतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण डिस्क मात्र उघड्या फळीवर पडून असतात. लेन्ससाठी घेतलेल्या ड्राय कॅबिनेटमध्येच एक खण डिस्कना द्यावा. ते नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. वातानुकूलित खोलीतून बाहेर नेलेल्या थंडगार डिस्कवर पावसाळ्यात बाष्प जमते, म्हणून ती पिशवीतच अर्धा तास राहू द्यावी आणि मग जोडावी. मे महिन्यात त्रास उलटा असतो: एनव्हीएमई ड्राइव्ह तापला की त्याचा नियंत्रक स्वतःहून वेग उतरवतो. आत बसवलेल्या ड्राइव्हवर धातूची पट्टी लावावी आणि बाहेरचा ड्राइव्ह मोठी नक्कल चालू असताना गादीवर ठेवू नये.

एसएसडी कपाटात ठेवून विसरण्याची वस्तू नाही. तिच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लेखनाची पूर्ण मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. नवी एसएसडी याहून खूप अधिक टिकते, पण उष्णता वाढते तसा हा काळ घटतो, आणि ३० अंश म्हणजे आपल्याकडे पंख्याखालची दुपार. काम संपले की मूळ फुटेज हार्ड डिस्कवर जावे आणि एसएसडी पुढच्या कामासाठी मोकळी व्हावी.

यूपीएस हा या सगळ्यांतला सर्वांत कंटाळवाणा खर्च आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर ती फाइल तर जातेच, शिवाय फाइल-व्यवस्थाही विस्कटू शकते. संगणक, स्क्रीन आणि बाहेरच्या डिस्कचा अडॅप्टर, तिन्ही यूपीएसवर असावेत. दहा मिनिटांत काम जतन करून संगणक बंद करता आला की त्याचे काम झाले.

नोंदवही आणि निवृत्ती

प्रत्येक डिस्कला क्रमांक द्यावा, तो डिस्कवर आणि तिच्या डब्यावर दोन्हीकडे लिहावा, आणि कोणत्या क्रमांकावर कोणते काम आहे याची नोंद साध्या वहीत ठेवावी. फाइलपर्यंतचा शोध हवा असेल तर मॅकवर निओफाइंडर आणि विंडोजवर विनकॅटलॉग यांसारखी साधने डिस्क न जोडताही आतली यादी दाखवतात. माझे काम वहीने भागते.

साठवणीतल्या डिस्क वर्षातून दोनदा जोडून पाहाव्यात. दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू लागते तेव्हा डिस्क बाहेर निघतातच. त्या दिवशी चेकसमची पडताळणी लावून द्यावी, आणि दुसरी गुढीपाडव्याला. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कची प्रकृती दाखवते. बदललेल्या किंवा बदलाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब कप्प्यांचा, आकडा शून्यावरून वर सरकू लागला, तर ती डिस्क त्याच दिवशी रिकामी करायला घ्यावी. पाच वर्षे झालेली डिस्क धडधाकट असली तरी तिच्यावरचे काम नव्या डिस्कवर हलवून तिला दुय्यम नक्कल करावे.

ग्राहकाचे फुटेज किती काळ सांभाळणार, हे कोटेशनमध्येच लिहून द्यावे. मी एक वर्ष लिहितो, मुदत संपण्याच्या महिनाभर आधी कळवतो आणि ग्राहकाने स्वतःची डिस्क आणून दिली तर सगळे तिच्यावर उतरवून देतो. जुनी डिस्क विकताना नुसते फॉरमॅट करू नये, कारण त्याने फाइल्स जात नाहीत, केवळ त्यांची अनुक्रमणिका जाते, आणि कोणाच्या तरी घरच्या लग्नाचे चित्रण अनोळखी माणसाच्या हाती पडते. हार्ड डिस्कवर एकदा संपूर्ण शून्ये लिहावीत, एसएसडीसाठी कंपनीने दिलेली पुसण्याची सोय वापरावी, आणि चालूच होत नसलेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी उघडून आतल्या चकत्या फोडाव्यात.